पंधरा वर्षं एकच चॅम्पियन!

शनिवारची रात्र, सिडकोतलं कॅनॉट. गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं गेली की वीकेण्ड सुरू झाला असं समजायचं, हा आपल्या छत्रपती संभाजीनगरचा अलिखित नियम. तिथे टपरीवर चहा पिता पिता मी परवा एक टाइमपास केला. समोरून जाणाऱ्या पोरांच्या अंगावरच्या फुटबॉल जर्सी मोजल्या. रिअल माद्रिद, बार्सिलोना, मँचेस्टर सिटी, पुन्हा रिअल, एक पीएसजी, पुन्हा बार्सिलोना... जर्सी मोजता मोजता दोन्ही हातांची बोटं संपली. क्लब मात्र एका हाताच्या बोटांवर मावले!

शहर बावन्न दरवाजांचं, पण सगळ्यांची वरात चार-पाच दरवाजांतूनच. आणि यातला एकही जण नुसता मिरवायला जर्सी घालत नाही बरं का. चॅम्पियन्स लीगच्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेबारा नाहीतर दीडला सुरू होतात. सकाळी वाळूजला किंवा शेंद्र्याला जाणारी कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही. तरी जागणारे जागतात, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉफी मशिनपाशी डोळे चोळत उभे असतात.

प्रश्न एवढाच, की निकाल माहीत असलेल्या सिनेमाला इतकी गर्दी कशी?

कारण युरोपातल्या लीग्जचं सध्या तेच झालंय. जर्मनीत बायर्न म्युनिकने २०१२-१३ पासून २०२२-२३ पर्यंत सलग ११ वेळा लीग जिंकली. इटलीत युव्हेंटसने २०११-१२ पासून सलग नऊ. फ्रान्समध्ये २०११ साली कतारचा पैसा पीएसजीत आला आणि २०१२-१३ ते २०२४-२५ या तेरा हंगामांत त्यांनी अकरा लीग घरी नेल्या. स्पेनमध्ये २००४-०५ ते २०२४-२५ अशी एकवीस वर्षं घ्या. अ‍ॅटलेटिको माद्रिदने दोनदा मध्ये नाक खुपसलं, बाकी एकोणीस वेळा रिअल नाहीतर बार्सा. स्कॉटलंडची तर कमालच आहे. १९८४-८५ ला अ‍ॅबरडीन जिंकलं, तेव्हा त्यांचे मॅनेजर होते अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. त्यानंतर २०२४-२५ पर्यंतचे चाळीस हंगाम सेल्टिक आणि रेंजर्सने आपसात वाटून घेतले. चाळीस! म्हणजे तुमच्या टीम लीडरच्या अख्ख्या आयुष्यात तिसरा चॅम्पियन झालेलाच नाही.

यामागचं गणित अवघड नाही. जिंकलात की चॅम्पियन्स लीग, चॅम्पियन्स लीग खेळलात की पैसा, पैसा आला की दुसऱ्याचा स्टार, आणि दुसऱ्याचा स्टार आपल्याकडे आला की पुन्हा जिंकणं. त्यात मेख अशी, की स्टार कुणाचाही आणायचा नसतो, ज्याने आपल्याला हरवलं त्याचाच आणायचा. डॉर्टमुंडने २०१०-११ आणि २०११-१२ अशा दोन लीग जिंकून बायर्नला डिवचलं. बायर्नने २०१३ ला त्यांचा ग्योत्झे उचलला आणि २०१४ ला लेवांडोव्स्की. मोनॅकोने २०१६-१७ ला पीएसजीच्या हातातून लीग काढून घेतली, तर त्याच उन्हाळ्यात मोनॅकोचा एम्बापे पॅरिसला! शत्रूचा गड जिंकायचा नाही, किल्लेदारच फोडायचा. देवगिरीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला ही आयडिया नवी नाही.

पण मंडळी, युरोपला हसायच्या आधी जरा आपल्या घरात डोकावू या. बायर्नचे सलग अकरा म्हणजे आपल्यापुढे किरकोळ! १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात रणजी ट्रॉफी सलग पंधरा वेळा एकाच टीमने जिंकली. मुंबईने. २०२३-२४ च्या विजेतेपदानंतर त्यांचा एकूण आकडा झालाय ४२.

आणि त्या पंधरा वर्षांत आपलं शहर कुठे होतं? तर थेट मुंबईच्या तडाख्यात.

हे जरा उलगडून सांगायला हवं, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की महाराष्ट्राची टीम म्हणजेच मुंबई. तसं नाही. एका राज्यात रणजीच्या तीन टीम आहेत : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. तिसऱ्या टीमचं हेडऑफिस पुण्यात, आणि मराठवाडा येतो तो या तिसऱ्या टीममध्ये. १९५६ पर्यंत तर आपण हैदराबाद राज्यातच होतो. राज्य बदललं, नकाशा बदलला, आणि क्रिकेटच्या हिशेबात आपण जाऊन पडलो पश्चिम विभागात. १९५७-५८ पासून रणजीत विभागातल्या मॅचेस लीग पद्धतीने खेळल्या जायला लागल्या. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. विभागातून पुढे जाणार एकच टीम. आता सांगा, ज्या वर्गात पहिला नंबर कायमचा बुक आहे आणि पासही फक्त पहिला नंबरच होतो, त्या वर्गात दुसऱ्या नंबरच्या मुलाची किंमत काय?

ती किती होती हे कळायला १९७०-७१ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन टीम पुढे जायला लागल्या. आणि गंमत बघा, पहिल्याच फटक्यात महाराष्ट्र फायनलमध्ये! समोर अर्थात मुंबई. पण ही मुंबई अर्धी होती. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मांकड सगळे वेस्ट इंडीजच्या त्या ऐतिहासिक दौऱ्यावर गेलेले. कॅप्टन होते सुधीर नाईक. महाराष्ट्राचे कॅप्टन चंदू बोर्डे. आता नाही तर कधी?

महाराष्ट्र ४८ धावांनी हरला.

मला या मॅचबद्दल वाचताना प्रत्येक वेळी वाईट वाटतं, आणि माझा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पाच स्टार बाहेर काढूनही जी टीम जिंकते, तिची ताकद त्या पाच जणांत नसते, दुसरीकडेच कुठेतरी असते. मुंबईची होती तिच्या मैदानांत आणि, हसू नका, तिच्या ऑफिसांत. शाळेच्या पोरांना हॅरिस आणि गाइल्स शील्ड, भर पावसात ओल्या विकेटवर खेळायला १९४८ पासून कांगा लीग, आणि ऑफिसांसाठी टाइम्स शील्ड. टाटा, एसीसी, मफतलाल, निर्लॉन, स्टेट बँक या सगळ्यांच्या क्रिकेट टीम होत्या आणि त्यासाठी क्रिकेटरला नोकरी मिळायची. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निर्लॉनमध्ये. आज तुमच्या एचआरला मेल टाकून बघा, ‘कव्हर ड्राइव्ह बरा मारते, पॅकेज काय द्याल?’ तेव्हाच्या मुंबईत हा मेल चालला असता. हातात पगार आणि घराजवळ मैदान असल्यावर गावाकडचा गुणी पोरगा मुंबईची गाडी पकडणारच. त्याने पकडू नये असं म्हणायचा हक्क कुणाला आहे?

त्याआधीचा जमाना तर थेट कतारचाच होता, फक्त तेलाऐवजी संस्थानं होती. आणि संस्थानिक कोण, तर आपलेच मराठी! इंदूरच्या होळकरांच्या टीमने १९४४-४५ पासूनच्या अकरा वर्षांत दहा रणजी फायनल खेळल्या आणि चार जिंकल्या. सी. के. नायडू, मुश्ताक अली असे एकेक हिरे जमवलेले. बडोद्याच्या गायकवाडांचंही तेच. विजय हजारे मूळचे सांगलीचे. १९३९-४० ला महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी बडोद्याविरुद्धच नाबाद ३१६ ठोकले. पुढे हजारे कुठे गेले? बडोद्याला! बायर्नला ही ट्रिक कुणी शिकवली असेल, तुम्हीच ठरवा. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशा सलग दोन रणजी जिंकल्या होत्या, दि. ब. देवधरांच्या कॅप्टनशिपमध्ये. त्या दोनच. तिसरी २०२४-२५ पर्यंत तरी आलेली नाही.

अर्थात आपणही काही कायम बिचारे नव्हतो. डिसेंबर १९४८, पुणे. समोर काठियावाड. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. डॉन ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२ चा. नऊच धावा हव्या होत्या! लंच झाला, आणि स्कोअर ४ बाद ८२६ असा असताना काठियावाडच्या कॅप्टनने, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामना सोडून दिला. टीम मैदानात परतलीच नाही. आपण ही गोष्ट नेहमी निंबाळकरांच्या हुकलेल्या विक्रमाची म्हणून सांगतो. मला त्यात हल्ली दुसरीच गोष्ट दिसायला लागलीय. दोन टीममधलं अंतर एवढं वाढलं की एकाला मैदानात उभं राहायचीच लाज वाटली. विक्रम हुकला तो त्या अंतरामुळे. खेळायला समोर कुणी हवं ना, बॉस!

असो. रात्रीचं कॅनॉट पुरे, आता रविवारच्या सकाळी चला माझ्याबरोबर. आधी आमखास मैदान. रात्री जागून मॅच बघणाऱ्यांपैकी काही जण इथे सकाळी खरोखर फुटबॉल खेळतात, धूळ खात, आणि पाठीवर नाव एम्बापेचं. तिथून खडकेश्वरला मराठवाडा सांस्कृतिक मंडळाचं मैदान. या मैदानाने क्रिकेटपेक्षा राजकीय सभाच जास्त पाहिल्यात. पुढे गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल, मग कंपन्यांच्या टीम जिथे एकमेकांशी भिडतात ते गरवारे स्टेडियम. विद्यापीठाच्या आवारात साईचं केंद्र आहेच. म्हणजे मैदानं नाहीत अशी ओरड करायला जागा नाही. पोरंही सॉलिड आहेत. मग नाही काय? तर पुढची पायरी. सोळा-सतराव्या वर्षी जरा बरा खेळणारा पोरगा बॅग भरून पुण्याला जातो. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. आईबापांना तिथल्या खोलीचं भाडं परवडलं तर.

१३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी माणसांसकट उचलून आपल्या दौलताबादला आणली. इतिहासातली ही बहुधा सगळ्यात मोठी ट्रान्स्फर विंडो! नान-खलिया चापताना आपण आजही तिचं नाव काढतो. त्यानंतरची वाहतूक मात्र बहुतेक उलट्याच दिशेची आहे. माझ्या कॉलेजच्या बॅचमधलेही अर्धेअधिक आज हिंजवडीत आहेत, ते काही क्रिकेट खेळत नाहीत.

तरीही या भागाने माणसं दिली. इक्बाल सिद्दिकी आठवतो? तेव्हाच्या औरंगाबादचा फास्ट बोलर. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. दुसऱ्या डावात जिंकायला पाचच धावा हव्या होत्या, तर याला चक्क ओपनिंगला पाठवलं आणि पठ्ठ्याने विजयी धावा काढल्या. ती त्याची पहिली कसोटी आणि तीच शेवटची. पैठणचा अंकित बावणे कित्येक वर्षं महाराष्ट्राच्या बॅटिंगचा कणा होता, कॅप्टनही झाला. आणि जालन्याचा विजय झोल. त्याच्यासाठी मात्र थांबायला हवं.

जानेवारी २०१४, वानखेडे स्टेडियम, रणजीची क्वार्टर फायनल, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. महाराष्ट्राला चौथ्या डावात अडीचशेच्या आसपास धावा हव्या होत्या. वानखेडेवर मुंबईविरुद्ध चौथा डाव! केदार जाधवने नाबाद शतक ठोकलं आणि दुसऱ्या बाजूला होता एकोणीस वर्षांचा झोल, नाबाद ९१. आपल्यापासून साठ किलोमीटरवरच्या जालन्याचा पोरगा मुंबईला मुंबईत हरवून आला. पुढे महाराष्ट्र फायनलला गेला, तिथे कर्नाटकाने हरवलं ते सोडा. झोल लगेच पुढच्या महिन्यात भारताच्या अंडर-१९ टीमचा कॅप्टन म्हणून वर्ल्ड कप खेळला. त्या दिवशी संध्याकाळी जालना रोडवर फटाके वाजायला हवे होते. पण त्या संध्याकाळी माझ्या ओळखीच्या एकाही घरात ही बातमी पोचली नव्हती. बायर्नचा स्कोअर मात्र सगळ्यांना पाठ!

इथून पुढे गोष्ट जरा बरी वळण घेते. त्यासाठी सावंगीच्या इंटरचेंजवरून गाडी समृद्धी महामार्गावर घ्यायची. डावीकडचा पर्याय मुंबई, उजवीकडचा नागपूर. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, आणि आपलं शहर त्यावर नेमकं अशा जागी आहे की एका टोकाला ४२ रणजीवाली मुंबई आणि दुसऱ्या टोकाला विदर्भ.

विदर्भ म्हणजे एके काळी रणजीतली फुकटची भाकरी. १९५७-५८ पासून खेळतायत आणि साठ वर्षं हातात भोपळा. मग २०१७-१८ ला जिंकले. इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. लोक म्हणाले फ्लूक. २०१८-१९ ला पुन्हा जिंकले. २०२४-२५ ला तिसऱ्यांदा, आणि त्या हंगामात त्यांच्या हर्ष दुबेने ६९ विकेट्स काढून एका रणजी हंगामातल्या सर्वाधिक विकेट्सचा विक्रम केला. जामठ्याचं स्टेडियम, स्वतःची अकॅडमी, खालच्या वयोगटांवर वर्षानुवर्षं खर्च. टीव्हीचा पैसा बीसीसीआयकडून राज्य संघटनांपर्यंत झिरपायला लागला, तो कुणी कुठे घातला याचं उत्तर विदर्भात दिसतं. आता अगदी साधुसंत नाहीत तेही. कोच चंद्रकांत पंडित मुंबईचे, वासिम जाफर मुंबईचा, २०२४-२५ मधला करुण नायर कर्नाटकचा. पण आणलेली माणसं घरच्या पोरांच्या मध्ये उभी केली, त्यांच्याऐवजी नाही.

परिणाम? २०१७-१८ ते २०२४-२५ मध्ये (२०२०-२१ ला कोविडमुळे रणजी झाली नाही) सात रणजी झाल्या. विदर्भ तीन, सौराष्ट्र दोन, मध्य प्रदेश एक, मुंबई एक. मध्य प्रदेशने २०२१-२२ च्या फायनलमध्ये मुंबईलाच हरवलं, आणि तिथेही कोच तेच, पंडित! मुंबई संपली का? अजिबात नाही. २०२३-२४ ला वानखेडेवर विदर्भालाच लोळवून तिने ४२ वी रणजी घेतली. पण आता तिला त्यासाठी घाम गाळावा लागतो. ज्या राजस्थानने साठच्या दशकात आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर मुंबईविरुद्ध सात फायनल हरल्या, त्यांनीही २०१०-११ आणि २०११-१२ अशा लागोपाठ दोन जिंकून घेतल्या.

युरोपला हे का जमत नाही? जमतं कधीमधी. लेस्टर सिटी २०१५-१६ ला जिंकली, तेव्हा सट्टेबाजांचा भाव एकाला पाच हजार होता. लेव्हरकुसेनने २०२३-२४ ला एकही मॅच न हरता बायर्नची मालिका तोडली. पुढच्याच वर्षी बायर्न परत! कारण पैशाची वाट तीच राहिली, जिंकणाऱ्याच्या घराकडे जाणारी. अमेरिकेत खेळाडूंच्या पगाराला टोपी घालतात आणि तळातल्या टीमला नव्या पोरांत पहिली निवड देतात. आपल्या आयपीएलमध्ये लिलावाला सगळ्यांची थैली सारखी असते. तरी २०२५ पर्यंतच्या अठरा हंगामांत मुंबई इंडियन्स आणि चेन्नईने मिळून दहा नेल्याच. मात्र एकूण आठ वेगवेगळ्या टीम चॅम्पियन झाल्या, हेही खरं. स्कॉटलंडवाल्यांना सांगा, चक्कर येईल.

मला विचाराल तर मोठ्या क्लबवर माझा राग नाही. रिअलची जर्सी घालणाऱ्या पोराला स्टार बघायचे असतात, आणि स्टार तिथेच असतात. पण जिंकणाऱ्याकडे बघताना आपण कुठून बघतोय हेही कधी बघावं. आपण मोनॅको आहोत. आपण डॉर्टमुंडसुद्धा नाही, डॉर्टमुंडला पोरं पुरवणारं गाव आहोत. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या २०२३ च्या पहिल्या हंगामात छत्रपती संभाजी किंग्ज नावाची टीम होती. नाव आपलं, आणि मॅचेस सगळ्या पुण्याजवळ गहुंजेला! ‘होम टीम’ बघायला एक्स्प्रेस वेपर्यंत जायचं. काही जण गेलेही. मी नाही गेले, उन्हाळ्यात पुण्याच्या बसला उभं राहायची माझी तयारी नव्हती.

येत्या थंडीत मात्र प्लॅन करता येईल. रणजीला सहसा तिकीट नसतं. गहुंजे असो की जामठा, सकाळी लवकर निघालात तर लंचनंतरचं सेशन आरामात मिळतं. टोपी, पाण्याची बाटली आणि गुलमंडीची इमरती सोबत ठेवा. स्टॅण्ड रिकामे असतात, त्यामुळे सावलीतली खुर्ची हवी तशी निवडता येते, आणि फिल्डरने शिवी दिली तर ती मराठीतच असते, सबटायटल्स लागत नाहीत!